बर्फाची साक्ष

डॉक्टरांनी कापडात गुंडाळलेला बर्फ बोर्गहिलच्या मिटलेल्या पापणीवर धरला, आणि तिचा धाकटा भाऊ अंदोर तोंड फिरवून खिडकीबाहेरच्या होड्या बघत राहिला. बटाट्याचा घास अडकून ती निळी पडली, म्हणून नाइलाजाने आणलं होतं त्याने. बहिणीच्या तोंडाकडे बघायचीही लाज वाटत होती त्याला!

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या प्रार्थनेत तिची जीभ जड व्हायला लागली, डोळे मिटू लागले... आणि दारूचा थेंबही पाप मानणाऱ्या त्या बेटावर लोकांनी एकच अर्थ काढला. "ज्याला बहीण आवरत नाही, तो प्रार्थनाघर काय सांभाळणार?" अशी कुजबुज सुरू झाली. आईमागे ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्या अंदोरची प्रार्थनाघराच्या प्रमुखाची खुर्ची जाणार असं दिसताच, जन्मात बाटलीला न शिवलेली बोर्गहिल सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हो, मी पिते. त्याचा काय दोष?" खुर्ची राहिली, पण प्रार्थनेतलं तिचं गाणं बंद झालं आणि भावाचं तिच्याशी बोलणंही.

दोन मिनिटांनी बर्फ निघाला. पापणी टक्क उघडली होती!

"ही दारू नव्हे," डॉक्टर म्हणाले. "स्नायू थकवणारा आजार आहे. गारव्याने घटकाभर मागे हटतो. अशांच्या छातीत कधी कधी गाठ असते."

गाठ निघाली... छातीच्या हाडामागे, हृदयाला लागून, लाखात एखाद्याला होणारी! बर्गन शहरातल्या मोठ्या इस्पितळात छाती उघडून ती काढायची ठरली. पण नंतर तिला स्वतःचा श्वास घेता येईल की नाही, हे सर्जनलाही सांगवेना.

"मग कबूल का केलंस गं, ताई?" शस्त्रक्रियेच्या सकाळी अंदोरला हुंदका आवरेना.

"तुझी खुर्ची गेली असती रे..."

शस्त्रक्रियेनंतर चार दिवस यंत्रच तिच्यासाठी श्वास घेत होतं. दोनदा श्वासाची नळी काढून पाहिली, दोनदा परत घालावी लागली. आणि रविवारी अंदोर आलाच नाही! पुन्हा रुसला का हा? तोंडात नळी, विचारणार कुणाला?

सोमवारी तिसऱ्यांदा नळी निघाली. एक श्वास... दुसरा... आला! खाटेच्या पायाशी अंदोर उभा होता.

"काल कुठे होतास?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"बेटावर, प्रार्थनाघरात. माझी बहीण माझ्यासाठी खोटं बोलली, असं सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. खुर्ची सोडून आलो, ताई."

"वेड्या! त्या खुर्चीसाठीच तर मी..." तिला हसू फुटलं, टाके दुखले, डोळे वाहू लागले.

"बोलू नकोस. पड जरा," तो तिचा हात धरून म्हणाला.

बोर्गहिलने डोळे मिटले... या वेळी आपणहून.