बोटभर पाणी

"पाच वाजता मीटिंग आहे. छगनवर पोलीस केस करायची आणि मला हाकलायचं, एवढे दोनच विषय," दमयंतीबाई म्हणाल्या. "माझं पद गेलं चुलीत. पण ज्याला मी पारखून आणलं, त्याला लबाड ठरवू देणार नाही."

खासगी तपास करणाऱ्या ज्ञानेश्वरी गाडेने ऑफिसातलं घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. तिचा मदतनीस हर्षल रिक्षा बघायला उठला. मनाने सोनं आणि डोक्याने बैलगाडी असा हा गडी, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

रिक्षात बाईंनी सगळं सांगितलं. सावेडीतल्या त्यांच्या 'स्नेहबंध' सोसायटीची गच्ची दर पावसाळ्यात गळायची. बाई सेक्रेटरी, निवृत्त शिक्षिका. कंत्राटदार ठरवण्याआधी त्या एसटीने काष्टीला गेल्या, छगनने पूर्वी केलेल्या चार गच्च्या पाहिल्या, आणि दोन पावसाळे कसे गेले ते घरच्या बायकांना विचारून आल्या. चेअरमन काकासाहेबांना मात्र आपला भाचा करण हवा होता. करणला एकही जुनं काम दाखवता आलं नाही, तेव्हा काम छगनला मिळालं. काम संपलं. चाचणीसाठी त्याने शुक्रवारी गच्चीत पाणी भरलं, आणि सोमवारी सकाळी खालच्या बंद फ्लॅटच्या छताला ओल दिसली. आज मंगळवार.

सोसायटीत स्नेह फक्त पाटीवर होता. बाई दिसताच पहिल्या मजल्यावरचं एक दार धाडकन लागलं. पार्किंगमध्ये हर्षल एका जीपमागे ठेवलेल्या फवारणीच्या पंपाला अडखळला आणि सावरताना त्याने गुलाबाच्या कुंडीचा आधार घेतला.

"कुंडीला हात लावायचा नाही," मागून आवाज आला. "पोटच्या पोरासारखे वाढवलेत." हेच काकासाहेब.

गच्चीवर छगन उकिडवा बसला होता. कठड्यावर विटेने ओढलेल्या रेघा होत्या, प्रत्येक रेघेशेजारी एका सभासदाची सही.

"रोज सकाळी पान्याच्या पातळीवर रेघ वढायची आन् सही घ्यायची. आमची पद्धतच हाय ती," तो म्हणाला.

"पाणी बोटभर उतरलंय की," हर्षल म्हणाला. "म्हणजे मुरलंच."

छगनने नुसतं शेजारच्या घमेल्याकडे बोट केलं. तेही शुक्रवारीच काठापर्यंत भरलेलं. ज्ञानेश्वरीने त्यात बोट बुडवलं. काठाखाली बोटभर रिकामं होतं. बोट पदराला पुसून ती जिन्याकडे वळली.

बंद फ्लॅटचे मालक सुहास पुण्याला असत. किल्ल्या दोन, एक काकासाहेबांकडे आणि एक झाडांना पाणी घालणाऱ्या बनुबाईकडे. बनुबाईने दार उघडलं. हॉलच्या छताला परातीएवढा डाग होता, हाताला ओलसर लागणारा. ज्ञानेश्वरी स्टुलावर चढली आणि किल्लीने डाग खरवडू लागली. पांढरी भुकटी भुरभुरत हर्षलच्या डोक्यावर पडली. त्याने शिंकत केस झटकले.

डागाखालच्या टेबलावर मनीप्लांट होता. पानांवर भाजल्यासारखे तपकिरी ठिपके.

"हे कधीपासून?" तिने बनुबाईला विचारलं.

"ऐतवारी सकाळी हिरवंगार हुतं. बाल्कनीतल्याला अन् ह्याला एकाच तांब्यानं पानी घातलं मी. ते बघा, कसं टवटवीत हाय."

"हिनेच काहीतरी केलं असेल," काकासाहेब दारातून म्हणाले. "बाईंचीच माणसं ही."

"ओल पहिल्यांदा कोणी पाहिली?"

"मी. चेअरमन आहे, लक्ष ठेवावं लागतं. आणि माझ्यावर संशय असेल तर ऐका, रविवारी दिवसभर मी शेवगावला शेतात होतो. बांधावर तणनाशक मारत होतो, गडी साक्षीला आहेत. रात्री साडेसातला आलो."

त्यांच्यामागे करण उभा होता. "मामा सांगत होते, तरी बाईंनी खेडवळ माणूस आणला. आता भोगा."

"तुमच्याकडे इथली किल्ली आहे?"

"नाही. विचारा मामांना."

"नाहीये त्याच्याकडे," मामा घाईने म्हणाले.

पाचला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. लोक घसा साफ करून तयारच होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत ज्ञानेश्वरी उभी राहिली.

"गच्चीतलं पाणी बोटभर उतरलं, कबूल. पण शेजारच्या घमेल्यातलंही तेवढंच उतरलं. घमेलं काही गळत नाही. दोन्ही पाणी उन्हाने प्यायलं. म्हणजे गच्चीतून थेंबही मुरलेला नाही."

"मग छत काय घामाने भिजलं?" कोणीतरी ओरडलं.

"वरून पाणी झिरपलं असतं तर आधी गिलावा भिजला असता, मग रंग. इथे रंग ओला आणि आतला गिलावा कोरडा. हर्षलच्या डोक्यावर भुकटी पडली, चिखल नाही. तेव्हा पाणी खालून मारलंय, आणि ओल टिकावी म्हणून नंतरही मारलंय."

हर्षलचा हात आपसूक डोक्यावर गेला. पुरावा केसांत घेऊन आपण तासभर हिंडत होतो, हे कळून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"खालून मारताना तुषार मनीप्लांटवर पडले. साध्या पाण्याने झाड भाजत नाही. बाल्कनीतलं भाजलं नाही." तिने खूण केली. हर्षलने जीपमागचा पंप आणला. "हा चेअरमनसाहेबांचा, त्यांच्याच जीपमागे होता. सगळ्यांसमोर नळाचं पाणी भरते. काकासाहेब, तुमच्या गुलाबांवर मारू?"

काकासाहेब हसले. तिने पंप भरला, हर्षलच्या पाठीवर चढवला. हर्षल पहिल्या कुंडीसमोर उभा राहिला. नळी वर झाली.

"थांब," काकासाहेब खुर्ची लोटून उठले. "धुतला नाहीये तो. जळतील सगळे."

आणि मग ते तसेच उभे राहिले.

"तणाचा पंप वेगळा ठेवावा, नाहीतर तीनदा धुवावा, हे शेवगावचं शेंबडं पोरही सांगेल," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पण रविवारी रात्री शेतावरून आलात, किल्ली होती, चाचणी संपायच्या आत डाग पाडायची घाई होती. अंधारात खालचं झाड दिसलं नाही."

करण पायातल्या चपलांकडे बघत होता. दमयंतीबाईंनी विटेचा तुकडा काकासाहेबांपुढे धरला.

"वर चला. आजच्या रेघेवर सही करा. मग सगळ्यांनी, एकेकाने."

लोक मुकाट उठले. दोघंतिघं छगनकडे बघून ओशाळं हसले. त्याने ते हसू घेतलं नाही.

"बाई, उद्या पानी सोडतो आन् काम तुमच्या ताब्यात देतो. गळलं तर काष्टीहून धावत येईन," तो म्हणाला. "पर ह्या सोसायटीचं दुसरं काम मला सांगू नका. गच्च्या लई बघितल्या, अशी मानसं न्हाई."

दमयंतीबाईंनी मान हलवली. चार गच्च्या फिरून त्यांनी माणूस पारखला होता. शेजारी पारखायचे राहून गेले होते.