मैखरकावर नाव घ्यायचं नसतं

मैखरकाच्या कुरणावर भरदुपारी कुणीतरी खुशाल शीळ घालत होतं. सुरमाच्या काळजात धस्स झालं. मेंढ्या तशाच टाकून ती धुक्यात धावली, तर समोर लाल मफलरवाला एक उंचापुरा पोरगा!

"मरायची घाई झालीय का रे? इथे शीळ घालतात?"

"का घालू नये? तू धावत येतेस म्हणून?" तो हसला. "मी मुंदोलीचा सोबन. ट्रेकवाल्यांना खिंडीपलीकडे नेतो. तंबूंना जागा बघायला पुढे आलोय. आणि तू?"

सुरमानं कपाळावर हात मारला. घ्या, या शहाण्यानं नावही सांगून टाकलं! खालच्या गावातली माणसं अशीच. इथे आंछरी राहतात, डोंगरातल्या पऱ्या; शीळ ऐकली की जवळ येतात. देखण्या पोरांवर त्यांचा डोळा. नाव कानी पडलं की ओळखीच्या आवाजात हाक मारतात आणि माणूस हसत हसत कड्यावरून जातो. सुरमाचा धाकटा काका असाच गेला. म्हणून तर इथे बापसुद्धा तिला नुसतं "ए पोरी" म्हणतो.

"माझं नाव खाली गावात सांगेन," ती म्हणाली. "इथे मी तुला नावानं हाक मारणार नाही, ध्यानात ठेव."

"म्हणजे खाली भेटणार तर..."

असा काही हसला मेला, की तिचे कानच तापले. "जवळपास पाणी आहे का बघतो," म्हणत तो चार पावलं गेला आणि धुक्यानं त्याला गिळलं.

मग हाक आली.

"सोबन... ए सोबन..."

सुरमाच्या अंगावर सर्रकन काटा आला. लाडिक, गोड... आणि आवाज तिचाच! कड्याच्या बाजूनं येत होता.

"आलो गं!" त्याची पावलं तिकडे वळली.

"थांब! ती मी नाही!" सुरमा ओरडली.

"थांब! ती मी नाही!" कड्याकडूनही तस्संच आलं, मागोमाग खुदकन हसू.

पावलं घुटमळली... पुन्हा निघाली. एक दगड निसटला, पण खाली पडल्याचा आवाज काही आला नाही. त्या आवाजाला ठाऊक नसलेलं एकच सुरमापाशी उरलं होतं. ते बोललं की तीही तावडीत सापडणार. पण हा पोरगा जायला नको होता, काही झालं तरी नको होता.

"सुरमा!" ती जीव खाऊन किंचाळली. "माझं नाव सुरमा! माझ्याकडे ये!"

सगळं चिडीचूप झालं. मग धुक्यातून एक हात आला आणि त्यानं तिचं मनगट पकडलं. सोबनच होता, पांढराफटक पडलेला.

मेंढ्या पुढे घालून दोघं उताराला लागली, तोच मागून त्याच्या आवाजात हाक आली, "सुरमा... ए सुरमा..." तिनं पाहिलं. सोबनचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"आता मला इथे एकटीनं कधीच येता यायचं नाही," तिला रडूच फुटलं. "मेंढ्या कोण चारणार?"

"मग एकटीनं यायचंच कशाला?" तो हळूच म्हणाला. "दर उन्हाळ्यात मी येईन. असाच हात धरून... चालेल?"

मागची हाक आणखी आर्जवी झाली. सुरमानं वळून पाहिलं नाही. डोळे पुसून ती सोबनला म्हणाली, "चालेल."