शुक्रवारचा पाहुणा

अराल समुद्र आटला त्या बाजूच्या माळावर मी प्लेग-ठाण्याची जीप चालवतो. अल्माटीच्या विद्यापीठात साथरोग शिकवणाऱ्या कुल्यानबाई दर वसंतात येतात. आम्ही उंदरांची बिळं तपासतो, पिसवा गोळा करतो. यंदा मात्र त्या येऊन चार दिवस होतात न होतात, तोच घाईने निघावं लागलं. तीन घरांत माणसं तापाने पडली होती. काखेत गाठी.

"साथ कुणाच्या तरी पायांनी चालते, आगा," मला थोरला मानून बाई जीपमध्ये म्हणाल्या. "ते पाय सापडले, की पुढची घरं वाचतात."

पुढचं घर माझ्या लेकीचं होतं. बाल्झिया आणि तिचं रांगतं बाळ. फोन तिथे लागत नाही.

पहिल्या घरी बाईंनी विचारलं, "ताप यायच्या आधी कोण आलं होतं?"

"शुक्रवारी एक म्हातारा पाहुणा आलेला. दुपारी चहा पिऊन गेला."

"नाव काय त्याचं?"

आजाऱ्याचा भाऊ उखडला. "दारी आलेल्या पाहुण्याला नाव विचारायचं? आम्ही काय पोलीस आहोत?"

दुसऱ्या घरी शुक्रवारी दुपारी एक तरुण बाई आली होती. तिसऱ्या घरी पुन्हा म्हातारा. नाव कुणीच विचारलं नव्हतं. घोडा, मोटार, काहीच कुणी पाहिलं नव्हतं. जवळचं गावही दिवसभराच्या चालीवर.

"वेगवेगळी माणसं असणार," बाई म्हणाल्या. मी जीप दामटली.

बाल्झिया दारातच होती. ठणठणीत.

"कोणी पाहुणा आला होता?" बाईंनी विचारलं.

"पाहुणा? इथे कोण येतंय तडमडायला!"

माझ्या जिवात जीव आला. बाळ रांगत माझ्याकडे निघालं, तसा मी मागे सरलो. "उचल गं त्याला. मी आजाऱ्यांच्या घरून आलोय."

ती हसली. "अहो बाबा, शुक्रवारी दुपारभर मांडीवर घेऊन बसला होतात त्याला. आज एवढं काय झालं?"

शुक्रवारी दुपारी मी स्टेशनावर होतो. बाईंचं सामान गाडीतून उतरवत होतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मास्क वर ओढला.

"बाळाला इकडे दे."

झबल्याच्या आत त्यांनी हात घातला. एका काखेत. मग दुसऱ्या.

बोटं तिथेच थांबली.

बाळ माझ्याकडे बघून हात पसरत होतं.