हायड्रोजन शून्य

मॅडमनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला आला कानिफनाथ! पाथर्डीकडचा, प्रत्येक पेपरात पहिला, पण वर्षभरात वर्गात तोंड न उघडलेला. मी कोपरगावची धनश्री, माझं तोंड मिटत नाही. जोडी झकास जमली म्हणायची.

एम.एस्सी.च्या लॅबमध्ये आमच्यापुढे बिननावाची पांढरी पावडर ठेवलेली. ती ऑक्सिजनमध्ये जाळायची, निघालेलं पाणी एका नळीत आणि कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या नळीत पकडायचा. नळ्यांची वजनं किती वाढली, त्यावरून पावडरीचं सूत्र काढायचं. पावडर दोनदा जाळण्यापुरतीच होती. बरोबर उत्तर देणाऱ्या जोडीला मॅडमच्या उन्हाळी प्रोजेक्टमध्ये जागा मिळणार होती आणि त्या जागेवर माझा केव्हाचा डोळा होता.

नळ्या त्याने जोडल्या, भट्टी मी पेटवली.

"हायड्रोजन शून्य," पाण्याच्या नळीचं वजन जराही वाढलेलं नाही हे पाहून मी कपाळाला हात लावला.

"शून्य कसा असंल?" तो चक्क बोलला! "जळताना काचंवर दव आलं हुतं. मी बघितलं ना."

"मग ते पाणी गेलं कुठं?"

"त्येच तर..." त्याचे डोळे चमकले. इतके दिवस हे डोळे मला दिसले कसे नाहीत, कोण जाणे.

आम्ही दोघं काचेवरून बोट फिरवत पाण्याच्या मागे निघालो. भट्टी, मग वाक, मग पहिली नळी... तिथे आमची बोटं एकमेकांना लागली. कुणीच बोट काढून घेतलं नाही.

"सोडा लाइम पहिलं?" मी लेबल वाचलं. "अरे, हे कार्बन डायऑक्साइड पकडायचं, पण पाणीसुद्धा पिऊन टाकतं! पाण्याची नळी आधी हवी."

"उलट्या लागल्या," तो कानापर्यंत लाल झाला. "माझ्याच हातनं."

"तू? असा कसा चुकलास?"

"चुकलो... झालं."

खरं तर राग यायला हवा होता. मला मात्र भलतीच उत्सुकता लागून राहिली.

नळ्यांच्या जागा बदलून आम्ही उरलेली पावडर जाळली. या वेळी दोन्ही नळ्या जड झाल्या. कार्बन आणि हायड्रोजन मोजून वजनात जे कमी पडलं, तो ऑक्सिजन. अणूंचं प्रमाण आलं एकास दोनास एक. मॅडमनी मोलर मास एकशे ऐंशी सांगितलं होतं, म्हणजे सगळं सहापट.

"ग्लुकोज!" मी ओरडले.

"लई भारी," तो हसला, आणि मला तो आवडला. आडपडदा कशाला ठेवू?

मॅडमनी उत्तर आणि वहीतल्या दोन्ही नोंदी पाहिल्या. "बरोबर आहे. पण पहिला प्रयोग फसला कशानं? कारण कळल्याशिवाय जागा नाही."

कानिफ उभा राहिला. "नळ्या मी उलट्या लावल्या, मॅडम. धनश्रीचा दोष न्हाई. तिला घ्या."

"तुझ्याकडून ही चूक? लक्ष कुठं होतं?"

त्याची मान खाली... मग हळूच एक नजर माझ्याकडे — आणि मला सगळं उमगलं. मी उठले.

"माझ्याकडं होतं, मॅडम."

अख्खा वर्ग हसत सुटला. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बरं. घेतलं दोघांना. पण तिथे पुन्हा असं झालं तर?"

"नळ्या मी जोडीन, मॅडम," मी म्हणाले. "त्याचं लक्ष... आहे तिथेच राहू दे."