भाडेकरूशी भांडण चालेल

धाडकन आवाज झाला आणि पाटी पडली ती थेट त्याच्या पायांत!

‘घर भाड्याने देणे आहे’ अशी ती भलीमोठी पाटी, आणि ती बांधायला स्टुलावर चढलेली आपली चिंगी. गाठ सुटली, पाटी निसटली आणि फुटपाथवरून चाललेल्या त्या उंच तरुणाच्या हातातली काळी पेटी खाली आपटली.

“अगं बाई! लागलं का हो?”

“मला नाही. हिला विचारतो,” म्हणत तो तिथेच उकिडवा बसला. पेटीतला चकचकीत ट्रम्पेट काढून त्याने ओठांना लावला आणि... पॅंऽऽऽ!

समोरच्या खिडक्या पटापट उघडल्या. “ए पिपाणीवाल्या! बाळ झोपलंय इथे!”

तो कसनुसा हसला. हसला... आणि गालावर खळी! “पिपाणी ठणठणीत आहे. आणि मला कुणी घर का देत नाही, तेही तुम्हाला कळलं.”

“घर शोधताय?” चिंगीने स्टुलावरून उडीच मारली. “अहो, मग पाटी अगदी बरोबर माणसावर पडली!”

चिंगी आत्याच्या ऑफिसात नुकतीच लागली होती. लोकांची घरं सांभाळायची, त्यात शोभेल असा भाडेकरू आणायचा, नळ गळला की प्लंबरच्या मागे लागायचं, असं आत्याचं काम. चिंगीच्या वाट्याला अजून नुसते फोन. “स्वतःच्या बळावर एक भाडेकरू आण, मग तुला तुझी घरं देते,” आत्याने सांगून ठेवलं होतं. आणि वर एक नियम! “भाडेकरूच्या प्रेमात पडायचं नाही. भांडण चालेल. भांडूनसुद्धा भाडं मागता येतं गं, लाजून नाही मागता येत.”

पिपाणीवाल्याला शहरातल्या वाद्यवृंदात नोकरी लागली होती. झोपायला मात्र मित्राचा सोफा. रविवारी मित्राची सासुरवाडी येणार, म्हणजे सोफाही गेला! तोवर घर मिळालं नाही तर नोकरी सोडून गावी परत.

मग काय, दोघं घरं बघत सुटले! एका मालकांनी तर कमालच केली. “वाजवा की, बिनधास्त वाजवा,” ते म्हणाले, “फक्त आवाज नको.” जिन्यात दोघं कठडा धरून इतके हसले, इतके हसले, की चिंगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या घरात नव्या रंगाचा वास होता. चिंगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “लोक आल्या आल्या नळ सोडून बघतात. तुम्ही काय बघताय?”

“उजेड.”

“खिडकी तिकडे आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. तिच्याकडेच बघत!

चिंगीने उगीचच नळ सोडला... आणि चेहरा लाल झाला तो झालाच.

शनिवारी आत्याने एका घराचा करारच तयार ठेवला. घर छान, गॅलरी मोठी, पण खाली रात्रपाळीच्या नर्सबाई राहायच्या, त्या दिवसभर झोपायच्या. मालकांना त्याची फिकीर नव्हती. चिंगीला मात्र पक्कं ठाऊक होतं, महिन्याभरात भांडणं होणार आणि हा पुन्हा रस्त्यावर.

“तुम्ही म्हणाल तर घेतो,” पिपाणीवाला म्हणाला. “डोळे मिटून.”

नुसती मान हलवली असती तरी चिंगीला तिची घरं मिळाली असती.

“चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली, आणि त्याला घेऊन थेट मिशीवाल्यांच्या ऑफिसात शिरली. मिशीवाले म्हणजे कोपऱ्यावरचे एजंट, आत्याचे पक्के वैरी!

त्यांच्याकडे एक घर होतं. खाली सुतारखाना. दिवसभर करवतीची घरघर, ट्रम्पेटचा त्रास कुणाला होणार! त्याने वाजवून बघितलं, तर खालून सुतारकाकाच ओरडले, “थांबलात का? होऊन जाऊ दे अजून एक!”

मिशीवाले खूश होऊन कागद आणायला गेले. खोलीत दोघंच उरले.

“म्हणजे मला दुसऱ्याच्या गळ्यात बांधलंत,” तो हळूच म्हणाला. “इतका कंटाळा आला माझा?”

“तिथे खाली नर्सबाई झोपतात.”

“एवढंच?”

“नाही... म्हणजे... आमच्या भाडेकरूशी मला फक्त भांडता येतं. आणि तुमच्याशी मला...”

“भांडायचं नाहीये?”

“भांडायचंय हो! पण... नुसतं भांडायचं नाहीये!”

बापरे! बोलून गेली की ही! आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. आत्या!

“काय गं, घेतलं का त्याने घर?”

“घेतलं. पण... मिशीवाल्यांचं. मीच आणलं त्याला इथे.”

मग आत्याचा आवाज, फोनबाहेर ऐकू येईल असा, “कार्टे! हातातला भाडेकरू सोडलास? प्रेमात-बिमात पडलीस की काय?”

चिंगीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने श्वास रोखून धरला होता.

“हो!” ती ओरडलीच.

रिकामी खोली ती. ‘हो’ भिंतींवर आपटत घुमत राहिला. हो... हो... हो...

पण त्यातला शेवटचा ‘हो’ नक्कीच तिचा नव्हता.