अकरा अंगठे

मंगळवारी सकाळी सव्वादहाला कुलगुरू आशा निरगुडे यांनी केबिनचं दार आतून लावलं आणि टेबलावरचा कागद संध्या गायधनींसमोर सरकवला.

"काल घरच्या पत्त्यावर टपालाने आलं. माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही."

संध्याबाईंनी पर्समधून भिंग काढलं. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं त्यांनी नोटांचे कागद तपासले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी भिंग सुटलं नव्हतं.

पत्र संगणकावर छापलेलं होतं.

'कुसाबाई भोये खोटारडी आहे. हातमोज्यांची गोष्ट बनावट आहे. आम्ही तिच्याच टोळीच्या बायका, आमची बोटं पेस्टने जळाली. तिला पुरस्कार देऊ नका. १० ऑक्टोबर २००२.'

खाली अकरा नावं. प्रत्येक नावापुढे निळ्या शाईतला अंगठा, कडेला किंचित लालसर.

"ही कुसाबाई कोण?"

कुलगुरूंनी मानपत्राचा मसुदा पुढे केला. विद्यापीठाचा विश्व नैतिक नेतृत्व पुरस्कार. आजवर तो केनियाच्या न्यायाधीशाला मिळाला होता, नॉर्वेच्या धर्मगुरूला मिळाला होता. यंदा सहा देशांतल्या नावांतून निवड झाली पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बाईची.

कुसाबाई दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरांची मुकादम होती. छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, रसायनाची पेस्ट लावतात. ती कातडी जाळते. चार वर्षांपूर्वी एका बागेत तिच्या टोळीतल्या चिमणाबाईच्या डोळ्यांत पेस्ट उडाली आणि दृष्टी गेली. मालकाने हात वर केले. चौकशीत कुसाबाई स्वतःहून उभी राहिली आणि म्हणाली, 'मालकानं मोजं दिलं नाय, आन मीबी मागितलं नाय. माझीबी चूक हाय.' त्या साक्षीने तिची मुकादमी गेली. पण नंतर तिने स्वतःची टोळी उभी केली आणि चाळीस बागा फिरून बायकांना एकच गोष्ट शिकवली: मोजे आणि चष्मा नाही, तर काम नाही. आज त्या बागांतल्या बायका तिच्या शब्दावर उठतात आणि बसतात.

"शनिवारी समारंभ आहे," कुलगुरू म्हणाल्या. "चिमणाबाईला घेऊन ती मंचावर येणार आहे. आणि हे खरं असेल तर..."

"निकाल कुणाकुणाला माहीत आहे?"

"मी. कुलसचिव वडजे. प्राध्यापक हर्षाली कुलथे. मानपत्र टाइप करणारे मयूर खैरनार. बाकी परीक्षक परदेशातले. त्यांनी गुण पाठवले, निकाल त्यांनाही कळवलेला नाही. कुसाबाईला मी स्वतः सांगितलं, शनिवारपर्यंत कुणाजवळ बोलणार नाही असा शब्द घेऊन."

"म्हणजे पाड्यावरच्या बायकांना पुरस्काराचं कळणं शक्यच नाही."

कुलगुरूंच्या कपाळाला आठी पडली. "माझ्याच माणसांवर संशय घेताय?"

"त्यांच्याशी बोलते. पत्रात काय आहे ते कुणाला सांगू नका. एक तक्रार आली आहे, एवढंच."

हर्षाली कुलथे खुर्चीवरून उठल्याही नाहीत.

"तुम्ही कोण? पोलीस?"

"नाही."

"मग मी उत्तर का द्यावं?"

"कुसाबाईंविरुद्ध तक्रार आहे म्हणून."

"असेल. मी तिच्या विरोधातच मत दिलं होतं. जागतिक पुरस्कार आहे हा, तालुका पातळीवरचा सत्कार नाही. हे मी बैठकीत तोंडावर बोलले, इतिवृत्तात आहे. निघा आता."

मयूर खैरनारने संगणकावरून मान वळवली नाही. "काही झालं की क्लार्कला धरा. काय तक्रार आहे, ते तरी सांगा."

"ते नाही सांगता येणार."

"मग मलाही काही सांगता येणार नाही."

कुलसचिव शेखर वडजे यांनी मात्र चहा मागवला. तो त्यांनी एकट्यासाठीच मागवला होता.

"बाई, प्रेसमध्ये कागद तपासणं वेगळं, विद्यापीठ वेगळं."

"कुसाबाईंविरुद्धच्या तक्रारीबद्दल तुमचं मत?"

"शून्य किंमत देतो मी. या अडाणी बायका, कुणी काही पुढे केलं की अंगठे उमटवून मोकळ्या. पण नियम म्हणजे नियम. चौकशी पूर्ण होईपर्यंत समारंभ थांबवावा लागेल. माझा नाइलाज आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. "अजून काही?"

दुपारी संध्याबाई दिंडोरीच्या एसटीत बसल्या.

कुसाबाईची टोळी एका बागेत कामाला होती. बायकांच्या हातांत कोपरापर्यंत मोजे होते, डोळ्यांवर चष्मे. मोज्यांना निळा रंग लागला होता.

पत्राचं ऐकताच कुसाबाईचा चेहरा दगडासारखा झाला.

"आमी मागितला व्हता का तुमचा पुरस्कार? आधी शोधत आलं, आता चोर ठरवाया आलं."

"मी ठरवायला नाही आले. विचारायला आले."

"एकच झालं की."

"ही अकरा नावं तुमच्या टोळीतली?"

"हायेत." ती शेतघराकडे वळली आणि एक वही घेऊन आली. "मोजं दिलं की मी लिहून घेते. बघा."

पानापानावर वाकड्यातिकड्या सह्या होत्या. यशोदाबाई. शकुबाई. झुंबरबाई. काही अक्षरं ओळीच्या बाहेर पडली होती, पण शेवटपर्यंत लिहिलेली होती.

"सगळ्या सह्या करतात?"

"तीन पावसाळं झालं. सही नाय तर मोजं नाय, असं म्हनलं मी. लय शिव्या खाल्ल्या."

"पेस्टमध्ये निळा रंग का?"

"कुठं लावली, कुठं ऱ्हायली ते दिसाया. ज्याच्या त्याच्या बागेचा रंग येगळा."

"लाल कोण टाकतं?"

कुसाबाईने नुसतं बांधापलीकडे पाहिलं. तिथे बायका उघड्या हातांनी वेलींवर वाकल्या होत्या. बोटं लालभडक.

"आमी त्या बागेत जात नाय," ती म्हणाली. "चिमणाबाईचं डोळं तिथंच गेलं."

संध्याबाई बांध ओलांडून गेल्या. बायकांनी माना खाली घातल्या. मालकाचं नाव कुणी घेईना. एका म्हातारीने फक्त अंगठा पुढे केला. कातडी सोललेली होती आणि रेषांमध्ये लाल रंग मुरलेला. "धुतला तरी जात नाय," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी संध्याबाईंनी तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा काढला आणि कुसाबाईला एक निरोप धाडला.

गुरुवारी अकराला कुलगुरूंच्या केबिनमध्ये तिघांनाही बोलावलं. हर्षालीबाई उभ्याच राहिल्या. मयूर भिंतीला टेकला. वडजे कुलगुरूंच्या शेजारी बसले.

"लवकर आटपा," वडजे म्हणाले.

संध्याबाईंनी पत्र टेबलावर ठेवलं.

"हे पत्र कुसाबाईंच्या टोळीचं नाही. त्या अकराही जणी सही करतात. तीन वर्षांच्या सह्यांची वही मी पाहिली. सही करणारी बाई अंगठा कशाला देईल? अंगठे खरे आहेत, पण दुसऱ्याच बायकांचे."

"कुणाच्या?" हर्षालीबाईंनी विचारलं.

"भिंगातून बघा. निळ्या शाईच्या कडेला लाल रंग आहे. पेस्टचा. कुसाबाईंच्या बायका मोजे घालतात आणि त्यांच्या बागेत रंग निळा असतो. लाल रंग शेजारच्या बागेत. तिथल्या बायकांना मोजे मिळत नाहीत."

त्यांनी कागद उजेडात तिरका धरला.

"आता हे पहा. नावांची काळी अक्षरं अंगठ्यांच्या वरून गेली आहेत. अंगठे आधी, मजकूर नंतर. कोऱ्या कागदावर अंगठे घेतले आणि मग हवं ते छापलं."

मयूर पुढे आला. "पण केलं कुणी?"

"निकाल माहीत असलेल्यांपैकी कुणीतरी. तुम्ही तिघं. मी तिघांनाही फक्त 'तक्रार' म्हटलं होतं. कुलथेबाईंनी आपला विरोध उघड सांगितला. मयूररावांनी तक्रार काय आहे ते मलाच विचारलं. तिसऱ्या माणसाने काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, अडाणी बायका अंगठे उमटवून मोकळ्या होतात."

त्या वडजेंकडे वळल्या.

"पत्रावर अंगठे आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

वडजेंचा चेहरा लाल झाला. "बोलण्याची रीत असते ती! यावरून माझ्यावर आळ घेता?"

"यावरून नाही." संध्याबाईंनी सातबारा उलगडला. "लाल रंगाची बाग तुमच्या पत्नीच्या नावावर आहे. चिमणाबाईची दृष्टी तिथेच गेली. मानपत्रात मालकाचं नाव नाही. पण शनिवारी मंचावर कुसाबाईंनी ते घेतलं असतं, पाहुण्यांसमोर, वार्ताहरांसमोर. म्हणून तुम्हाला समारंभ थांबवायचा होता."

"कागद आहे हा! बाग माझी, म्हणून अंगठे माझ्या मजुरांचे? सिद्ध करा!"

कुलगुरू मधेच म्हणाल्या, "शेखरराव, तुम्ही आत्ता राजीनामा द्या. विद्यापीठाचं नाव..."

"मॅडम," संध्याबाईंनी त्यांना थांबवलं. "पुरस्कार कशासाठी देताय, ते आठवा."

कुलगुरूंनी डोळे मिटले. मग फोन जवळ ओढला आणि ऑपरेटरला पोलीस ठाण्याचा नंबर लावायला सांगितला.

"कुणी बोलणार नाही माझ्याविरुद्ध," वडजे ओरडले. "पोट आहे त्यांना!"

दारावर थाप पडली. मयूरने दार उघडलं. बाहेर कुसाबाई उभी होती. तिच्यामागे लाल बोटांच्या अकरा बायका, जिपांतून उतरून थेट आलेल्या. सगळ्यांत पुढे ती म्हातारी, भागीबाई.

वडजेंना पाहून ती दचकली. तिने एकदा कुसाबाईकडे पाहिलं, पदर सावरला आणि आत पाऊल टाकलं.

"साहेब सोत्ता आलं व्हतं बागेत," ती म्हणाली. "कोरा कागद घेऊन. म्हनलं, अंगठा द्या, तुमाला मोजं आणून देतो."