पुढे व्हा, मी आलेच

पाढेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. नव्याने दिवस गेलेल्या बायकांचे फोन घ्यायचं काम इस्पितळात तिच्याकडे होतं, आणि कितवा आठवडा ते कळलं की ती पुढचं सगळं पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवायची. पाचवा? झोप अनावर होणार, छाती ठणकणार, पाळी येतेय की काय असंही वाटणार. सहावा? मळमळ. कालपर्यंत आवडणारा साबण आज नकोसा होणार. जरासा डाग दिसला तरी कळवा. रक्त जास्त गेलं किंवा पोटात दुखलं, तर फोन करत बसू नका, सरळ निघून या. आपल्या आवाजानेच बायकांना निम्मं बरं वाटतं असं तिचं मत होतं, आणि ते फारसं चूक नव्हतं.

तिला स्वतःलाही पाचवा लागला होता. नवरा सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक सहाव्यातच गेलं होतं, आणि दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हे मूल तिला हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं.

त्या मंगळवारी दुपारी तिने डबा संपवला, हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसली. एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"सिस्टर... मला सहावा आठवडा आहे. मळमळतंय. आणि हात फार गार पडतात."

पाढेबाईने सहाव्याचा पाढा म्हटला आणि फोनच्या वहीत नोंद करायला घेतली. तेवढ्यात तिची नजर मागच्या पानावर गेली. मागल्या मंगळवारी हीच वेळ, हाच आठवडा, हेच गार हात. त्याच्या आधीच्या मंगळवारीही तेच.

"अहो बाई, तुमचा आठवडा काय सुट्टीवर गेलाय? तीन मंगळवार सहावाच चाललाय!"

पलीकडे कुणी हसलं नाही. रिकाम्या हौदात बोलावं तसा आवाज आला.

"दिवस गेलेत, सिस्टर... पण पुढे जात नाहीत."

फोन बंद झाला. पाढेबाईच्या मानेवर काटा आला, पण घाबरून हातावर हात धरून बसणारी ती नव्हती. तिने कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. आधीच्या सिस्टरचं तिरकं अक्षर, त्याआधीच्या कुणाचं तरी गोल अक्षर, मग फिकी पडलेली शाई. अकरा वर्षं, दर मंगळवारी, सहावा आठवडा, हात गार. आणि प्रत्येकीने दिलेला तोच सल्ला.

दारावर बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आधीच्या सिस्टर मंगळवारी एक वाजला की चहाला जायच्या. मी कधी विचारलं नाही."

आठवडाभर पाढेबाईच्या डोक्यात तेच होतं. सगळ्यांनी त्या बाईला सहाव्याचंच सांगितलं. सातव्यात काय होतं, हे अकरा वर्षांत एकीनेही सांगितलं नव्हतं!

पुढच्या मंगळवारी तिने पहिल्याच घंटेला फोन उचलला. तिला स्वतःला त्या दिवशी सहावा लागला होता.

"ऐका. सातव्यात मळमळ वाढेल, रडू येईल, कारण नसताना. बाळाचे हातपाय फुटायला लागतात, कळ्यांसारखे. आठव्यात बोटांची सुरुवात होते. घाबरायचं कशाला?"

"मी... जाऊ सातव्यात?"

"जा की! मीही सहाव्यातच आहे." दारात एखादीला वाट करून द्यावी तसं तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "तुम्ही पुढे व्हा, मी आलेच."

"थांबाल ना तोवर?"

"थांबते, थांबते."

त्यानंतरच्या मंगळवारी फोन आला नाही. पाढेबाईने स्वतःचीच पाठ थोपटली. पण तिच्या सोनोग्राफीत आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ठोके छान आहेत. वाढ मात्र बरोबर सहा आठवड्यांची दिसते. तारीख चुकली असेल." पुढच्या सोमवारी पुन्हा पाहिलं. ठोके छान. वाढ बरोबर सहा आठवडे, एक दिवसही पुढे नाही. डॉक्टरीणबाईंनी या वेळी पुढच्या सोमवारी परत यायला सांगितलं.

रात्रभर तिने उशीत तोंड खुपसून रडून घेतलं. मंगळवारी डोळे धुतले आणि एक वाजल्यापासून फोनवर हात ठेवून बसली.

"सिस्टर, आठवा लागला!" आवाज हरखलेला होता.

"छान झालं. आता मलाही यायचंय."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"इथे... कुणीतरी मागे थांबावंच लागतं हो. तुम्ही आलात तर मला परत जावं लागेल. नका ना..."

हिला मागे ढकलून द्यावं, असं क्षणभर पाढेबाईच्या मनात आलंही. पण मूल हवं असणं म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मागेबिगे कुणी थांबायचं नाही," ती दटावून म्हणाली. "दोघी एकदम जाऊ. हात द्या इकडे."

"गार आहे..."

"असू दे. माझा सगळा जन्म गार हात धरण्यात गेलाय."

तिने डावा हात टेबलावर उताणा ठेवला. बोटं आपोआप मिटली. फोन बंद झाला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोनदा मोजलं. "आठ आठवडे, सहा दिवस! अगदी तारखेला धरून. आधी मशीननेच घोळ घातला म्हणायचा." पाढेबाई तिथेच हमसून रडली. तिला उठवायला डॉक्टरीणबाईंनी हात धरला आणि चमकून सोडला. "डावा एवढा गार का गं?"

"होईल सवय," ती डोळे पुसत म्हणाली. मिटलेली बोटं तिने पदराआड घेतली. मंगळवारपासून ती पूर्ण उघडत नव्हती.

मावशींनी तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती बाहेर पडली, चार पावलं गेली, तरी मागे दार मिटल्याचा आवाज आला नाही. तिने वळून पाहिलं. मावशी अंग चोरून, दार तसंच धरून, रिकाम्या उंबऱ्याकडे मायेने बघत होत्या.

"सावकाश या हो बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हीही दोन जिवांच्या आहात."